गिऱ्हाइकांची मराठी

“काय पायजे, साहेब?” असं अब्बांनी विचारलं तेव्हा झीशानला आधी वाटलं, ते आपल्या मागच्या कुणाला तरी विचारताहेत. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं. मागं सत्यम मोबाइल आडवा धरून उभा होता, त्याच्या मागं बॅनरच्या काठ्या धरलेल्या दोन मुली, आणि त्यांच्या पलीकडं गुलमंडीची सकाळ चाललेली. अर्धी उचललेली शटरं, दुकानांपुढं मारलेलं पाणी, कापडाचे तागे बाहेर लावणारी माणसं. अब्बांची नजर मात्र सरळ त्याच्यावरच होती. ती रागाची नव्हती, दुखावल्याचीही नव्हती. पहिल्यांदाच पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाकडं दुकानदार बघतो तशी होती. अदबीची, थोडी सावध, आतलं काही दिसू न देणारी. आणि भाषा मराठी होती. उभ्या आयुष्यात अब्बा त्याच्याशी मराठीत बोलले नव्हते. घरात मराठी कुणीच बोलत नसे. ती शाळेची भाषा होती, कचेरीची, दवाखान्याची आणि दुकानाची. चपला दाराबाहेर राहाव्यात तशी ती उंबऱ्याबाहेर राहायची.

झीशानच्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यावर कॉलेजच्या पर्यावरण मंडळाचं हिरवं पान छापलेलं. पिशवी दुकानदाराच्या हाती द्यायची, दोन वाक्यं बोलायची, सत्यमनं फोटो काढायचा आणि पुढच्या दुकानाकडं वळायचं, असं सकाळपासून चाललं होतं. फेरी या गल्लीत वळली तेव्हा तो हळूहळू मागं सरकत बॅनरच्या आड गेला होता. पण प्रेरणा मॅडमनी हाक मारली, “झीशान, इथं तू ये पुढं. तुझं बोलणं लोकांना पटतं.” मॅडम पर्यावरणशास्त्र शिकवायच्या, मनापासून शिकवायच्या, आणि त्यांना काही ठाऊक नव्हतं. वडील काय करतात, या प्रश्नाला त्यानं पहिल्या वर्षापासून ‘बिझनेस’ एवढंच उत्तर दिलं होतं. ते खोटं नव्हतं. महापालिकेचं पथक त्याच्या आधीच दुकानात शिरलं होतं. पथकाचे प्रमुख काकासाहेब म्हणून कुणी होते. ते एकेक गोणी ओढून पायरीवर आणवत होते. पातळ पिशव्यांचे गठ्ठे, थर्माकोलच्या ताटल्या, पेल्यांच्या चळती. बंदी आलेला सगळा माल अगदी समोर, हाताशी ठेवलेला होता. निदान आत तरी ठेवायचं, असं झीशानच्या मनात येऊन गेलं आणि त्या विचाराचीच त्याला लाज वाटली.

“काका,” तो अब्बांना म्हणाला. हा शब्द आपल्याच तोंडून निघाला हे त्याला निघाल्यावर कळलं. “काका, ही पिशवी आमच्याकडून भेट. आजपासून गिऱ्हाइकाला अशीच पिशवी वापरायला सांगा.”

“सांगतो की. का नाय सांगणार?” अब्बांनी दोन्ही हात पुढं केले. “लई चांगलं काम करता तुमी पोरं.”

“काका, इकडं बघा जरा, हसा,” सत्यम म्हणाला. अब्बा हसले. ते हसू झीशानला पाठ होतं. सिल्लोडकडून, फुलंब्रीकडून लग्नाच्या खरेदीला आलेल्या माणसांसाठी ते राखलेलं असायचं. लहानपणी सुट्टीत तो गल्ल्याखालच्या फळीवर बसून राही आणि वरून अब्बांची मराठी ऐकत राही. “रामराम पाटील, लई दिवसांनी? कुणाचं लगीन, पोरीचं का पोराचं?” घरी तीन शब्दांत बोलणं आटोपणारे अब्बा तिथं नुसते खुलायचे. ही मराठी त्यांना कुणी शिकवली नव्हती. गिऱ्हाइकांनी पिशव्या नेताना ती मागं ठेवली होती. झीशानची मराठी शाळेतली. चुलतभावांनी हसून घेतलं तरी अब्बांनी त्याला मराठी शाळेतच घातलं होतं, कचेरीत गेलं की मान खाली घालावी लागू नये म्हणून. दुसरीत की तिसरीत असताना त्यानं एकदा भर गिऱ्हाइकात अब्बांना दुरुस्त केलं होतं, पायजे नाही, पाहिजे. अब्बा हसले होते, दोनदा ‘पाहिजे, पाहिजे’ म्हणाले होते, आणि गिऱ्हाईक भोकरदनचं होतं, त्यानं म्हटलं होतं, “राहू द्या कमरभाई, आमचं पायजेच बरंय.” तेव्हा सगळेच हसले होते. तो का नव्हता हसला?

काकासाहेबांनी पावतीपुस्तक काढलं. “नाव सांगा.”

हजेरीच्या वेळी झीशानचं पूर्ण नाव पुकारलं जायचं, शेख झीशान शेख कमरोद्दीन, आणि हजेरी प्रेरणा मॅडमच घ्यायच्या. कमरोद्दीन हे नाव काही गल्लोगल्ली सापडत नाही. मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, काकासाहेबांच्या खांद्यावरून बघत.

“कमर शेख लिहा,” अब्बा म्हणाले. “गुलमंडीत कमरभाईच म्हणत्यात समदे.”

मॅडमनी मान हलवली, दंडाची पावती फाटली, गोण्या गाडीत चढल्या आणि फेरी पुढं निघाली. पायऱ्या उतरताना झीशाननं मागं वळून पाहिलं नाही. आपल्याला वाचवण्यासाठी त्या माणसानं स्वतःचं नाव तोडून दिलं, हे त्याला कळत होतं. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की आपल्याला त्यांनी गिऱ्हाइकांत नेऊन बसवलं, पायरीच्या बाहेर. दोन्ही एकदम खरं असू शकतं का, याचा तो विचार करत राहिला. पुढच्या दुकानांत पथकाला काही मिळालं नाही. कुठं कागदी पिशव्या नीट रचलेल्या, कुठं ‘कृपया पिशवी घरून आणावी’ अशी ताजी पाटी. शेवटी गाडीला टेकून काकासाहेब म्हणाले, “कमाल आहे. आज सगळे धुतल्या तांदळासारखे. एकटा तो कमरभाईच घावला.” मुलं हसली. सत्यमनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “भारी बोललास लेका. म्हातारा एकदम विरघळला.” म्हातारा. अब्बा म्हातारे आहेत, असं झीशानच्या आजवर मनात आलं नव्हतं.

तो त्यांच्याबरोबर कॉलेजवर गेला नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि पाय नेतील तिकडं चालत राहिला, तेव्हा पाय त्याला बारापुल्ला दरवाजाकडं, खाम नदीच्या काठाला घेऊन आले. नदी म्हणायचं ते सवयीनं. एरवी काळं, जड पाणी. हिवाळ्यात मंडळानं इथल्या काठाचा एक तुकडा साफ केला होता. त्याआधी तो मंडळात होता तो गुणांसाठी. प्रमाणपत्र मिळतं, फॉर्मवर लिहिता येतं, एवढंच. त्या दिवशी फावडं रुतेना म्हणून त्यानं हातानंच गाळ उपसायला घेतला, आणि गाळातून माती येईना, पिशव्या येऊ लागल्या. एकीखाली एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या चिकटलेल्या, लाल पट्ट्याच्या, हिरव्या पट्ट्याच्या, काळ्या. खेचलं की लांबच्या लांब ताणल्या जायच्या आणि तुटायच्या नाहीत. किती वर्षांच्या होत्या कोण जाणे. एक गठ्ठा तर फुटलाही नव्हता, वाहत येऊन तसाच रुतलेला. त्यानं तो फोडला तेव्हा आतून वास आला. नव्या पिशव्यांचा, किंचित रॉकेलसारखा, गरम. तो वास त्याच्यासाठी प्लास्टिकचा नव्हताच. तो अब्बांचा वास होता. रात्री दुकानातून आल्यावर त्यांच्या सदऱ्याला यायचा तो. लहानपणी ताप आला की ज्या छातीवर डोकं ठेवून तो झोपायचा तिथला. पायाखाली काळा गाळ, अंगाला घाण, आणि नाकात घर. तो तिथंच काठावर बसून ओकला होता. मॅडमना वाटलं नदीच्या घाणीनं झालं. त्यांनी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसानंतर तो मंडळात खरा आला. पोस्टर करायचं असो, पथनाट्य असो, झीशान पुढं. सगळ्यांना वाटायचं, या पोराला नदीचं वेड लागलंय. लागलंही होतं. पण वेड नदीचं होतं की त्या वासापासून पळायचं, हे त्याला आजही सांगता आलं नसतं.

घरी एकदाच त्यानं विषय काढला होता. अब्बा, हे विकू नका, म्हणाला होता. अब्बांनी भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं होतं, “भाजीवाली को बोल. वो नहीं लेगी तो मैं नहीं बेचूंगा.” दुसऱ्या दिवशी तो खरंच औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात जाऊन एका बाईशी बोलला. गोजरबाई नाव तिचं, मेथी-पालक घेऊन बसायची. ती म्हणाली, “मला काय हौस हाय का, बाबा? गिऱ्हाईक हात हलवत येतंय. पिशवी नाय म्हणलं की शेजारणीकडं जातंय.” गिऱ्हाईक म्हणजे कोण, तर अम्मी. अम्मीसुद्धा हात हलवतच जायच्या. तिथून तो प्रश्न फिरून पुन्हा घरातच आला होता आणि त्यानं तो तसाच सोडून दिला होता. फेरीत, पोस्टरवर हा घोळ नव्हता. तिथं प्लास्टिक वाईट होतं आणि बोलणारा चांगला.

आता काठावर बसून त्याला वेगळंच काही टोचत होतं. फेरीबरोबर पथक येणार हे मंडळातल्या चार-सहा जणांनाच सांगितलेलं होतं, आणि त्यात तो होता. ‘बाहेर बोलायचं नाही हं,’ मॅडम म्हणाल्या होत्या, आणि तो बोलला नव्हता. काल रात्री जेवताना अब्बा बराच वेळ दस्तरख्वानावर बसून राहिले होते. ताटातलं संपलं तरी बोटानं कडेचे कण गोळा करत. “कल क्या है कॉलेज में?” त्यांनी विचारलं होतं. त्यांनी असं कधी विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. “कुछ नहीं,” तो म्हणाला होता, “प्रोग्राम है.” अब्बा ‘हौ’ म्हणाले आणि हात धुवायला उठले. तेवढंच. पण त्या ‘कुछ नहीं’च्या आधी एक क्षण होता, श्वास घेऊन सोडण्याएवढा, आणि त्या क्षणात त्याला सगळं स्वच्छ दिसलं होतं. सांगितलं तर मॅडमचा विश्वास मोडतो. नाही सांगितलं तर अब्बा पकडले जातात. मग तो गप्प राहिला ते इमानापोटी का? की पकडले जावेत असंच वाटत होतं? एकदा होऊन जाऊ दे, दंड होऊ दे, धंदा बंद होऊ दे, म्हणजे ‘बिझनेस’ म्हणताना जीभ अडखळायची नाही? पाण्यावरून एक बगळा उडाला आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला.

लोटाकारंजातल्या घरी तो परतला तेव्हा दिवस कलला होता. अम्मी, म्हणजे शमशादबी, दारातच बसल्या होत्या, हातात आमरीनचा मोबाइल. आमरीन त्याची धाकटी बहीण. कॉलेजचं पान तिनंच उघडून दिलं होतं. “इधर आ, इधर आ,” अम्मीनं त्याला ओढूनच बसवलं. त्याला धरणी दुभंगावी असं झालं. फोटोत तो होता, अब्बा होते, मध्ये पिशवी. खाली लिहिलेलं, ‘गुलमंडीतील एका विक्रेत्याचे प्रबोधन करताना मंडळाचा स्वयंसेवक.’ अम्मीला मराठी वाचता यायचं नाही. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आधी अब्बांचा चेहरा, मग त्याचा. “कित्ते सालों के बाद बाप-बेटे का साथ में फोटो आया,” त्या म्हणाल्या. “हँस भी रहे. मैंने खाला को भी भेज दिया.” आमरीनला मराठी येत होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि भावाकडं बघत होती, आणि तिनं अम्मीला काही सांगितलं नव्हतं. या घरात प्रत्येक जण कुणाला तरी सांभाळून घेतोय, असं त्याला वाटलं. फक्त आपण सोडून.

अब्बा नेहमीच्या वेळी आले. हातपाय धुतले, नमाज पढले, जेवले. अम्मीनं फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा शोधला, नीट पाहिला आणि म्हणाले, “अच्छा आया.” दुकानात पथक आलं होतं, माल गेला, एवढं त्यांनी अम्मीला सांगितलं, ऊन फार होतं असं सांगावं तसं. झीशानकडं त्यांनी पाहिलं नाही आणि पाहणं टाळलंही नाही. तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्यानं अनेकदा गिळलं. बोलायचं तर कुठल्या भाषेत बोलायचं, हेही त्याला कळेना.

सकाळी रविवार. अब्बा गाडीची किल्ली हातात घेऊन त्याच्या उशाशी उभे होते. “चल. पडेगाव जाके आते.”

पडेगावात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो मागं बसला. छावणीतून जाताना झाडांची सावली अंगावरून सरकत होती, अब्बांच्या सदऱ्याची पाठ वाऱ्यानं फुगत होती आणि दोघांच्या मध्ये एक वीत जागा सुटलेली होती, जी लहानपणी कधी सुटत नसे. दौलताबादच्या रस्त्याला लागल्यावर अब्बा न वळता म्हणाले, “मेरेकू परसों ही मालूम पडा था.”

“क्या?”

“कि पथक आनेवाला है. तुम्हारे कॉलेज के दो लडके हॉटेल में बैठके जोर जोर से बोल रहे थे. शाम तक पूरी गुलमंडी को मालूम. सब ने माल हटा दिया.”

झीशानला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. समोरून एसटी गेली, तिचा आवाज ओसरेपर्यंत तो थांबला. “फिर आप ने कैकू नहीं हटाया?”

अब्बांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, “तू बोलेगा सोचा. घर का लडका है, बोलेगा, फिर हटाऊंगा. रात को पूछा भी तेरेकू.”

डांबर, पांढरा पट्टा, कडेचे दगड, सगळं मागं मागं जात होतं. काल काठावर बसून त्यानं स्वतःवर हजार आरोप ठेवले होते, पण हा त्यात नव्हता. अब्बा वाट बघत होते. कण गोळा करत होते ते वाट बघत. त्याच्या त्या श्वासाएवढ्या क्षणात पलीकडं आणखी एक माणूस श्वास रोखून बसला होता, आणि तो ‘कुछ नहीं’ म्हणाला होता.

“मैं बोलता तो आप को अच्छा लगता?” त्यानं विचारलं.

“मालूम नहीं,” अब्बा म्हणाले. “नहीं बोला तो बुरा लगा. सुबू दुकान खोला तो भी हटाने का मन नहीं हुआ, गुस्से में बैठा. फिर तू बैनर के पीछे छुपता दिखा.” ते थोडे हसल्यासारखे झाले. “तू बोलता तो दूसरा कुछ बुरा लगता. कि कॉलेज जाके भी अपने जैसाच निकला. बाप को लगतेच रहता रे कुछ न कुछ.”

पडेगावच्या वस्तीला वळसा घालून गाडी एका पत्र्याच्या शेडपुढं थांबली. आजूबाजूला बाभळी, एक अर्धवट बांधलेलं घर, दोन शेळ्या. अब्बांनी कुलूप काढलं आणि दोघांनी मिळून दार ढकललं. आत उजेड शिरायला वेळ लागला. मग दिसलं. जमिनीपासून पत्र्यापर्यंत गोण्या. थर्माकोलच्या ताटल्या, वाट्या, पेले, पातळ पिशव्यांचे गठ्ठे, वर धुळीचा जाड थर, कोपऱ्यांत उंदरांनी कुरतडलेला पांढरा भुगा. चालायला मध्ये एवढीशी बोळ. काल गाडीत चढलेल्या गोण्या म्हणजे या ढिगाचा एक मुठीएवढा तुकडा असेल.

“बंदी आई तब का है ये,” अब्बा म्हणाले. “लग्नसराई के लिए भरा था. कंपनी वापस लेती नहीं, वो खुद बंद हो गई. नया थर्माकोल उसके बाद मैंने एक नहीं लिया. ये थोडा थोडा निकालके बेचता. बेचना गुनाह है, मालूम है. पतली पिशवी तो नई भी लेता, वो झूठ नहीं बोलूंगा.” त्यांनी एका गोणीवर हात टेकला आणि उचलून धूळ झटकली. “जलाने कू एक बार एक गोणी बाहर निकाली थी. इत्ता काला धुआँ हुआ, वो सामने घर में एक बाई बच्चा लेके खांसते खांसते बाहर आई. बुझा दिया. भंगारवाला हाथ नहीं लगाता. रात को खाम में डालनेवाले हैं अपने बाजार में. मैंने नहीं डाला.” मग ते त्याच्याकडं वळले, आणि त्यांच्या तोंडावर ना दुकानाचं हसू होतं ना घरातलं गप्पपण. असा चेहरा झीशाननं पाहिलेला नव्हता. “तू पढा है ना इसका. अब बोल. क्या करूं मैं इसका?”

झीशाननं तोंड उघडलं. त्याला पुष्कळ काही पाठ होतं. निळा डबा, हिरवा डबा; कमी वापरा, पुन्हा वापरा. कचऱ्यातून कला या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं, पेल्यांचं झुंबर केलं म्हणून. प्लास्टिक मातीत किती वर्षं टिकतं ते त्यानं पथनाट्यात ओरडून ओरडून सांगितलं होतं. त्यातलं एकही वाक्य या शेडच्या दारातून आत येईना. विकू नका, जाळू नका, पुरू नका, फेकू नका. हे सगळे ‘नका’ या माणसानं आधीच करून पाहिले होते, किंवा न करता सोडले होते, आणि ते सगळे मिळून हा ढीग झाला होता. पत्र्यातल्या भोकातून आलेली उन्हाची तिरीप धुळीत उभी होती. बाहेर शेळी ओरडली.

“मालूम नहीं, अब्बा,” तो म्हणाला.

त्याला वाटलं, आता ते निराश होतील. पण अब्बांचे खांदे जरा खाली आले, डोक्यावरचा भारा दुसऱ्यानं एका बाजूनं धरल्यावर येतात तसे. “हौ,” ते म्हणाले. “मेरेकू भी नहीं मालूम.” मग दोघंही त्या ढिगाकडं बघत राहिले. ओझं तसूभर हललं नव्हतं. पण इतकी वर्षं ते एका माणसाचं होतं.

झीशाननं मोबाइल काढला. पत्र्याखाली रेंज नव्हती म्हणून तो दारात, उन्हात आला. नाव शोधलं आणि अंगठा तसाच थांबला. हा फोन झाला की सोमवारी वर्गात काय होईल, सत्यम काय म्हणेल, कॉलेजच्या पानावरच्या त्या फोटोचं काय होईल, हे सगळं त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं; त्यानं ते उभं राहू दिलं. मॅडम रागावतील. कदाचित पथकालाच कळवतील. मग उरलेलाही माल जाईल, मोठा दंड होईल, आणि तो दंड त्याच्या एका फोननं झालेला असेल. त्यानं मागं वळून अब्बांकडं पाहिलं. “मॅडम को पूछूं? उन को सब बताना पडेगा. ये जगह भी.”

अब्बांनी ढिगाकडं पाहिलं, कुलपाकडं पाहिलं. “विश्वास की है?”

“है.”

“तो पूछ.”

दोन रिंगा झाल्या. “बोल झीशान, डोकं कसं आहे?” मॅडमचा आवाज रविवारचा, सैल होता, मागं कुकरची शिट्टी झाली.

“मॅडम,” तो म्हणाला, “काल आपण ज्यांना दंड केला ना, त्या कमरभाईंचा मुलगा बोलतोय.”

पलीकडं मॅडमनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. “काय म्हणालास?” आणि त्यानं सांगितलं. घाईनं, मागचं पुढं, पुढचं मागं करत. दुकान, रात्रीचं जेवण, तोडलेलं नाव, पडेगावचं शेड, विझवलेली गोणी. अब्बा दाराच्या चौकटीशी उभे राहून ऐकत होते. मुलगा त्यांच्याबद्दल मराठीत बोलत होता आणि त्यांना सगळं कळत होतं. एकदा ते मध्येच म्हणाले, “जून में नहीं, मई में भरा था,” आणि झीशाननं फोनवर दुरुस्ती केली.

“मला माहीत नाही याचं काय करतात,” मॅडम म्हणाल्या. “खरंच नाही माहीत. शोधावं लागेल. तिथंच थांबा दोघं. मी येते.”

“आत्ता?”

“आत्ता. पत्ता सांग.”

त्यानं पत्ता सांगितला आणि फोन खिशात टाकला. “क्या बोले?” अब्बांनी विचारलं. “आ रहे,” तो म्हणाला. “इधर?” अब्बांनी सभोवार नजर फिरवली आणि एकाएकी त्यांची धांदल उडाली. त्यांनी रुमाल काढला, आतून एक लाकडी खोकं ओढून आणलं, उलटं केलं, पुसलं, हलवून पाहिलं, ते डुगडुगलं म्हणून दुसरं आणलं. बाभळीच्या सावलीत ते नेऊन मांडलं, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि पुन्हा थोडं आत, सावलीत सरकवलं. मग वस्तीच्या दिशेला कपाळावर हात धरून बघत ते काळजीनं म्हणाले, “अरे, पहिली बार आ रहे वो. चाय कहाँ मिलेगी रे इधर?”